मागच्या अंगणातली स्पॅनिश

बाबा, आज तुमच्या वेताच्या खुर्चीत आत्या बसली.

तिचा काही दोष नाही. ऊन उतरलं होतं, हातात चहा होता, मागच्या अंगणात खुर्ची रिकामी होती, बसली. पण मला असा राग आला की मी आत जाऊन भरलेली पाण्याची बाटली उगाच ओतली आणि उगाच परत भरली. आत्या आईला विचारत होती, "हिले काय झालं वं?" आई म्हणाली, "हा तिचा टाइम आहे." एवढंच. आत्याला त्यातून काय कळणार होतं?

तुम्हाला जाऊन अजून महिनाही झाला नाही. घरात माणसं आहेत, तुमसरची, नागपूरची. आईला कोणी एकटं सोडत नाही, मलाही नाही. दिवसभर तुमच्याबद्दल बोलणं चालू असतं, आणि ते ज्याच्याबद्दल बोलतात तो माणूस मला ओळखीचाच वाटत नाही. "लय शांत माणूस होता." "कधी कोणाले उलटून बोलला नाही." काका तर म्हणाले, "त्याच्या तोंडातून शब्द काढाचा म्हणजे चिमटा लागे." सगळे हसले. मी मनात म्हटलं, अरे देवा, हे कोणाबद्दल बोलून राहिले? माझे बाबा तर रोज संध्याकाळी अर्धा घंटा बोलायचे. थांबायचं नाव घ्यायचे नाहीत!

पण ते फक्त मला माहीत आहे. या भरलेल्या घरात मी त्यामुळेच एकटी पडले आहे.

हे मी मराठीत लिहिते आहे. आणि शुद्ध लिहायचा प्रयत्न करते आहे, मले-तुले न करता. तुम्ही असता तर म्हणाला असता, पुण्याची झाली का वं तू? इथं रायपुरात वाढलेले चुलतभाऊ सगळे हिंदीत उत्तर देतात, त्यांना हे वाचताही येणार नाही. बरंच आहे.

तुम्हाला आठवतं, सहावीत भाषा निवडायची होती तेव्हा मी स्पॅनिश घेतली? तेलीबांध्याच्या पुढची ती शाळा, आई तिथं लहान मुलांना शिकवते म्हणून मीही तिथंच. तुम्ही विचारलं होतं, "हे कोण बोलते?" मी म्हटलं, अर्धं जग बोलते. तुम्ही म्हणालात, "आपल्या गुढ़ियारीत तर कोणी दिसलं नाही." मैत्रिणींनी घेतली म्हणून मी घेतली, खरं कारण तेवढंच. दहावीनंतर त्या मैत्रिणी कोणी डॉक्टर व्हायला गेल्या, कोणी इंजिनियर, आणि अकरावीत वरच्या पातळीच्या स्पॅनिशला मी एकटी उरले. वर्गात एकच बाक. रोशनी मॅडम लायब्ररीच्या कोपऱ्यात येऊन बसायच्या आणि आम्ही दोघी एकमेकींकडे बघायचो.

बारावीची तोंडी परीक्षा तर माहीतच आहे तुम्हाला, माझ्यापेक्षा जास्त. गोष्टीतला एक उतारा हातात देतात, थोडा वेळ विचार करायला, मग आपण बोलायचं. न थांबता. मग मॅडम प्रश्न विचारतात, आणि सगळं रेकॉर्ड होऊन तपासायला बाहेर जातं. मी लिहायचे छान, बोलताना गाडी बंद. मॅडम म्हणाल्या, "घर में किसी के सामने रोज़ बोलो. दीवार भी चलेगी, पर इंसान हो तो अच्छा है. दीवार मुँह नहीं बनाती."

आईला विचारलं तर आईच्या हातात तपासायच्या वह्या. तुम्ही रेल्वेच्या मालधक्क्यावरून आला होता, पायावर सिमेंटची पांढरी धूळ तशीच. मी म्हटलं, बाबा, माझ्यासमोर बसता का रोज? मी स्पॅनिश बोलीन.

"मले काय समजते त्यातलं?"

"समजायचं नाही. फक्त बसायचं."

"बसणं जमते मले," तुम्ही म्हणालात. आणि आत जाऊन भुईमुगाच्या फल्लीचा डबा घेऊन आलात.

तेव्हापासून रोज दिवे लागायच्या आधी आपण दोघं मागच्या अंगणात. तुम्ही वेताच्या खुर्चीत, मी स्टुलावर, मध्ये तो डबा. फल्ली सोलायची पण खायची नाही, कारण चावल्याचा आवाज होतो आणि पोट्टी, म्हणजे मी, चुकते, हा नियम तुमचाच. लाइनीवरून मालगाडी निघाली की तुम्ही हात वर करायचे, "थांब, जाऊ दे हिले." गाडी गेली की हात खाली. मी परत सुरू.

आणि मी अडकले की "पुढं."

मालधक्क्यावर हमाल बोऱ्या उतरवतात आणि तुम्ही मोजताना म्हणता ना, पुढं, पुढं, तसंच. अगदी त्याच आवाजात. मी चिडायचे. "बाबा, मी काय सिमेंटची बोरी आहे का?" तुम्ही म्हणायचे, "बोरी तरी एका डावात सरकते." पण खरं सांगू? त्या एका शब्दानं मी सरकायचे. मॅडम मदत करायला शब्द सांगायच्या आणि मी त्यांच्या शब्दाकडे बघत बसायचे. तुम्हाला सांगायला शब्दच नव्हता, म्हणून मला माझा शोधावा लागायचा.

पहिले काही दिवस तर तुम्ही भलत्याच ठिकाणी होकाराचं हव हव करायचे. मी दुष्काळाबद्दल बोलत होते, गावंच्या गावं ओस पडली, माणसं देश सोडून निघाली, आणि तुम्ही मान हलवून हसून राहिले, जसं काही मी लग्नाची पंगत सांगते आहे. मी थांबले. "बाबा, ही दुःखाची गोष्ट आहे."

"मंग तोंड तसं कर न! मले काय माहीत?"

मला आधी हसू आलं. मग मी तोंड तसं केलं. आवाजही तसा केला. तुमचं हसू गेलं, फल्ली हातातच राहिली. पुढच्या आठवड्यात मॅडम म्हणाल्या, "अब तुम बोलती हो तो लगता है किसी को बता रही हो." मी त्यांना तुमचं नाव सांगितलं तर त्यांचा विश्वास बसेना. त्यांना वाटलं, तुम्हाला स्पॅनिश येते.

मग एक दिवस माझं बोलून झालं आणि तुम्ही डबा बंद करून विचारलं, "झालं तुझं?"

"झालं."

"मंग आता मी बोलू?"

मी चाट पडले. तुम्ही म्हणालात, रोज एकटीच बोलते, हे काही बरोबर नाही, आता माझी पाळी. आणि बोलायला लागलात. तुमसरच्या शाळेतलं, शेजारच्या आंब्याचं, पहिल्या पगाराच्या दिवशी रायपूर स्टेशनावर हरवलेल्या चपलेचं. तुमच्या पाळीत मी पुढं म्हणायचे. तेवढी परतफेड मलाही करायची होती ना! मग रोजचंच झालं ते. मी संपवलं की म्हणायचं, "माझं झालं, आता तुमची पाळी." आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "तुमच्या दोघांची सभा झाली असंल तर पानं घेते."

जहाजाचं तुम्ही एकदाच सांगितलं. तुमसरचा एक जण जहाजावर कामाला होता. त्याच्याबरोबर तुम्ही मुंबईला गेलात, परीक्षा देऊन समुद्र न बघताच त्याच रात्रीच्या गाडीनं परतलात, पास झालात, बोलावणंही आलं. तुमच्या तोंडून "जहाज" ऐकून मला गंमत वाटली, कारण तुम्ही तर तेलीबांध्याच्या तलावातल्या बोटीतही बसत नाही.

"मंग गेला काहून नाही?" मी विचारलं.

"जायच्या दिवशी माझा बाप काहीच म्हटला नाही," तुम्ही म्हणालात. "फक्त माझ्या बॅगेपाशी येऊन बसला. बसूनच राहिला. मंग मी बी बॅग उघडली अन् कपडे काढून ठेवले."

एवढं सांगून तुम्ही हातावरची फल्लीची सालं फुंकरून उडवली. "समुद्र राहिलाच पाहाचा," म्हणालात आणि आत गेलात.

म्हणून मग हैदराबादवरून आपलं भांडण झालं, आता कळतं. मॅडमनी सांगितलं होतं की तिथं ही भाषा पुढं शिकता येते, पदवीपर्यंत, त्याच्याही पुढं. मला प्रवेश मिळेल असं त्यांना वाटत होतं. घरात तुम्हीच नाचलात. मी म्हटलं, नाही, इथंच कॉलेज करते. तुमचा विश्वासच बसेना.

"काहून?"

"असंच."

"असंच हे काही उत्तर होते का?"

"मला नाही जायचं, बाबा. बस."

"भेतेस का तू?"

"भीत नाही."

"मंग सांग न काहून! मी तुझ्या बॅगेपाशी येऊन बसणार नाही, मिनू, हे पक्कं समजून घे. मले ते जमणार नाही." तुमचा आवाज चढलेला मी जन्मात पहिल्यांदा ऐकला. चिमटा लागे म्हणतात काका! त्यांनी तुम्हाला त्या दिवशी ऐकायला पाहिजे होतं.

मी कारण सांगितलं नाही. मराठीत ते तोंडातून निघतच नव्हतं. आपल्या घरात असलं कोणी बोलत नाही.

दुसऱ्या दिवशी मला वाटलं, आता कसले येतात. पण तुम्ही आलात. तोंड फुगलेलं, डबा हातात. खुर्चीत बसून म्हणालात, "राग आहे माह्या मनात. पण बसतो. पेपर तुझा आहे."

त्या संध्याकाळी मी परीक्षेचं काहीच बोलले नाही. मी तुम्हाला कारण सांगितलं. सगळं, स्पॅनिशमध्ये. तुम्ही फल्ली सोलत होता, अधूनमधून हव म्हणत होता, आणि मी बोलतच गेले. मालगाडी गेली तेव्हाही थांबले नाही, तुम्हीही हात वर केला नाही. मग संपलं. मी म्हटलं, माझं झालं, आता तुमची पाळी.

तुम्ही हातातली फल्ली सोलून संपवली. मग म्हणालात, "आज एक डाव बी पुढं म्हणा लागलं नाही."

मी मान हलवली.

"माझी पाळी आज राहू दे. मंग बोलतो." आणि सोललेले सगळे दाणे माझ्या ओंजळीत टाकून आत गेलात.

दुसऱ्या दिवशी सिमेंटची अख्खी गाडी धक्क्याला लागली होती, तुम्हाला यायला उशीर झाला. त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही धक्क्यावर बोऱ्यांवर टेकलात. हमाल म्हणतात, बाबू थोडं बसतो म्हणाले. पाणी आणेपर्यंत सगळं संपलं होतं. ते सगळे घरी आले होते, बाबा, हातपाय धुऊन, फाटकाबाहेर चपला काढून. त्यातला म्हातारा रडत म्हणत होता, "बाबू तो हमन ला कभू तू नहीं कहिस." तुम्ही त्यांना कधी अरेतुरे केलं नाही म्हणून. बाकी मला त्या दिवसाचं फार काही आठवत नाही.

तेराव्यानंतर मी शाळेत गेले. तोंडी परीक्षेची रंगीत तालीम होती. उतारा एका कोळ्याचा निघाला, समुद्रावर जाणाऱ्या. दुसरा कुठला निघाला असता तर काय बिघडत होतं? मी चांगली सुरुवात केली. मग अडकले. शब्द येत होते, पण मी थांबून राहिले. मॅडम समोर बसलेल्या, रेकॉर्डिंग चालू, पंखा फिरतो आहे, आणि मी वाट बघते आहे. त्यांना वाटलं शब्द विसरले, त्यांनी हळूच शब्द सांगितला. मी त्यांच्याकडे बघत बसले. मग त्यांनी बटण बंद केलं. "कोई बात नहीं बेटा. असली वाली में हो जाएगा."

असली वाली या सोमवारी आहे.

रोज संध्याकाळी स्टुलावर बसून बघते. तोंडच उघडत नाही. गाडीची शिटी झाली की बोलायची थांबते, आणि मग लक्षात येतं की मी बोलतच नव्हते. या शहरात ही भाषा मॅडमना येते, तुम्हाला येत नव्हती, आणि तरी बोलायला कोणी उरलं नाही असं वाटतं ते तुमच्यामुळे. मॅडमना हे कसं सांगू?

परवा आई बाहेर आली. पदराला हात पुसत म्हणाली, "काय करून राहिली एकटी?"

"अडकते, आई."

"मी बसू?"

बसली. तुमच्या खुर्चीत नाही, पायरीवर. मी सुरू केलं. थोड्या वेळानं बघते तर आईचे डोळे मिटत होते. दिवसभराची थकलेली, काय करेल? आत कुकरची शिटी झाली तशी उठली. "मले नाही जमत हे, मिनू. समजलं नाही की मले झोप येते. तुझे बाबा कसे बसत होते, देव जाणे." मग दारात थांबली. "मी त्यायले म्हटलं होतं एक डाव. म्हटलं, रोज बसता, चार शब्द तरी शिकून घ्या पोरीजवळून. तर म्हणे, नाही शिकत."

"काहून?"

"म्हणे, मले समजाले लागलं तर पोट्टी मोकळी बोलंल का?"

कुकरची दुसरी शिटी झाली आणि आई आत पळाली.

मी तिथंच बसून राहिले, बाबा. म्हणजे तुम्हाला माहीत होतं. मी रोज परीक्षेचंच बोलत नव्हते हे माहीत होतं. मैत्रिणी सोडून गेल्याचं, आरशात बघून रडल्याचं, आईवर रागावल्याचं, हे सगळं मी पर्यावरणाच्या आणि दुष्काळाच्या मध्ये घालून बोलायचे, आणि तुम्ही तोंडाकडे बघून बसायचे. त्या दिवशी तुम्हाला काय काय कळलं? थोडं? सगळं? की फक्त इतकंच, की आज पोट्टी अडकली नाही? तुम्ही मंग बोलतो म्हणालात, म्हणजे काहीतरी बोलायचं होतं. ते काय होतं हे मला आता कोणीच सांगणार नाही. त्याचा मला राग येतो, बाबा. तुमचाही येतो. राहू दे कशाला म्हटलं? त्याच दिवशी बोलून टाकायचं न!

आईला काल मी विचारलं, मी हैदराबादला गेले तर तू एकटी राहशील ना? ती पोळ्या लाटत होती. लाटणं न थांबवता म्हणाली, "मी काय लेकरू आहे? शाळा आहे माझी. अन् मी तर बिलकुल बॅगेपाशी बसणार नाही, मले तितका टाइमच नसते." पुढची पोळी मात्र तिनं करपवली. मी ते पाहिलं. मग म्हटलं, जाते.

आता आत्या उठून आत गेली आहे. खुर्ची रिकामी आहे, मी स्टुलावर आहे, डबा मध्ये ठेवला आहे. शुद्ध-बिद्ध राहू दे. त्या दिवशी मी जे म्हटलं ते आता तुम्हाले समजंल असं सांगते.

मी म्हटलं होतं, बाबा, मले हैदराबादले जायचं होतं. पहिल्यापासून होतं. ही भाषा पुढं शिकली ती इथून निघून जायसाठीच. पण हिच्यामुळे मी रोज तुमच्यापाशी बसाले लागली, अन् मंग माझा पायच निघेना. मी गेली तर संध्याकाळी तुम्ही कोणाशी बोलाल? सारे म्हणतात तुम्ही बोलत नाही. मलेच माहीत आहे तुम्ही किती बोलता. तुमच्या आंब्याचं कोण ऐकंल? म्हणून मी नाही म्हणत होती, भेत नव्हती. अन् शेवटी मी म्हटलं होतं, बाबा, तुम्ही मले लय आवडता. तुम्ही मान खाली घालून फल्ली सोलत होते. तुम्ही हव म्हटलं.

आताही मी कुठंच अडकली नाही. सोमवारी बी नाही अडकणार. समुद्र दिसला तर तुमच्या वाटचा बी पाहून घेईन.

माझं झालं, बाबा. आता तुमची पाळी.